मोकळी फिरवलेली मोटर

बाबांची बंद पडलेली व्हॅन बॅटरीवर चालवायची असं मी ठरवलं, तेव्हा घरात कुणी मनावर घेतलं नाही. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात मी मोटरी दुरुस्त करते, म्हणून हा आणखी एक नाद, असं सगळ्यांनी धरलं. बागेतल्या आंब्याच्या पेट्या तिनं वर घरापर्यंत आणाव्यात, एवढंच मला हवं होतं.

मोटर मी कोल्हापूरच्या भंगार बाजारातून आणली. गोदामात माल उचलणाऱ्या जुन्या गाड्यांच्या मोटरी तिथे पडलेल्या असतात. एकीचा शाफ्ट हलत होता, दुसरीच्या तांब्याच्या पट्ट्या जळून खाचा पडल्या होत्या. त्या सोडून चांगली शोधली. घरी आणून आतली काळी धूळ काढली, बेअरिंग आणि कार्बन ब्रश नवे घातले, खाऱ्या हवेसाठी वार्निशचा हात दिला. या मोटरीला गाडीचं ओझं लागतं. मोकळी असताना सगळ्या बॅटऱ्या जोडल्या तर वेग वाढतच जातो आणि शेवटी ती फुटते. हे मी घरात प्रत्येकाला बजावलं होतं. शिमग्याला मुंबईहून आलेल्या माझ्या मोठ्या भावालाही.

पालखी आली म्हणून मी देवळाकडे गेले होते. परतताना वाटेवरच आवाज ऐकू आला. शिट्टीसारखा, चढत जाणारा. मी धावले. घरापुढच्या खळ्यात पोचायच्या आत धडाका झाला.

मोटरीतून तांब्याच्या पट्ट्या बाहेर उडाल्या होत्या. त्यातली एक पडवीच्या भिंतीतल्या चिऱ्यात रुतली होती आणि तिच्या जरा खाली आई पावटे सोलत बसली होती. दादा आणि त्याचे मित्र लांब उभे होते.

"एका बॅटरीवर नुसती गुरगुरत होती, म्हणून सगळ्या जोडल्या," दादा म्हणाला. "भंगारातला माल, फुटणारच."

मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांनी मलाच गप्प केलं. सणाला आलाय तो, पाहुण्यांसमोर तमाशा नको, म्हणाले. आईला लागलं का, हे दोघांपैकी एकानंही विचारलं नाही. मोटर गेल्याचा राग दुसऱ्या मोटरीनं निवला असता. हा निवला नाही, अजून नाही.

पावसाळ्यात दुसरी मोटर आणली. ती आधी गियरबॉक्सला जोडली, मगच तिला वीज दाखवली. बॅटऱ्यांच्या स्विचला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे ठेवली. आता गाडी पेट्या घेऊन चढण चढते. मुंबईत दादा 'आम्ही गाडी बनवली' असं सांगत फिरतो.

या मे महिन्यात तो आला आणि बाबांकरवी किल्ली मागितली. मी दिली नाही.

"किती दिवस धरून बसणार आहेस?" बाबांनी विचारलं.

"त्यानं आधी आईची माफी मागू दे."

दादानं मागितली नाही. बाबा माझ्यावर रुसले. मी आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि आम्ही दोघी बागेत गेलो.