चिक्कडपल्लीची पाकीटवाली

‘ती बाई मेलेल्यालाही साबण विकेल,’ असे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी सांगत फिरतात. हे साफ खोटे आहे.

बचत गटाने बनवलेले साबण आणि सॅनिटरी पॅड घेऊन ती आमच्या चिक्कडपल्ली भागात दारोदार येते. खुर्ची दिली तरी बसत नाही. बोलताना तिचा एक पाय कायम उंबऱ्याबाहेर असतो. पॅडचे पाकीट कागदात गुंडाळून मागणाऱ्याला ती ‘चोरीचा माल हाय का, काका?’ असे विचारते. त्यामुळे ती अनेकांना, क्वचित मलाही, खुपते.

गेल्या आठवड्यात पत्नीने संकोचाने सांगितले, म्हणून मीच या बाईकडे पॅडचे पाकीट मागितले.

‘सुनेसाठी?’

‘पत्नीसाठी.’

तिचा बाहेरचा पाय प्रथमच आत आला. ‘काकूंची उमर साठीच्या वर. पाळी जाऊन जमाना झाला, आन् आता रक्त जातंय? पाकीट नको, डॉक्टरीण पाहिजे. उठवा काकूंना, आत्ताच.’

‘तुम्हाला विकायचे आहे की नाही?’ मी गरजलो.

‘नाही.’

तपासणीचा अहवाल परवा मिळेल. ‘वेळेवर आणलेत,’ एवढेच डॉक्टरीणबाई बोलल्या. सेक्रेटरींनी काहीही म्हणावे. पाकीट तिच्या हातात होते, पैसे माझ्या हातात होते, आणि तिने ते विकले नाही.