पेटीवरचं गावाचं नाव

थोरल्या बहिणीचा, आक्काचा मुलगा उद्या फौजेत चाललाय. त्याच्या काळ्या पेटीवर नाव काढायला मी पांढऱ्या ऑइलपेंटचा डबा उघडला, आणि त्या वासासरशी खानापूरजवळच्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात जाऊन पोचलो, एकवीस वर्षांचा होऊन.

सरहद्दीवर लढाई पेटली होती. माझी रजा रद्द झाली होती आणि दुपारच्या गाडीनं निघायचं होतं. परसात फणस पिकून फुटला होता, त्यावर माश्या घोंगावत होत्या. आक्का माझ्या पेटीवरची पुसट अक्षरं ब्रशनं गिरवत होती.

"टारगेटवर लई गोळ्या मारलोय, आक्का," मी म्हणालो. "समोर माणूस आला तर हात चालंल का न्हाय, ठाव न्हाय. आणि चालला तर त्येचंबी भ्या वाटतंय."

ती गिरवतच राहिली.

"गावाचं नाव जरा मोठं काढ."

"का रं?"

"पेटी एकटीच परत आली तर वाट चुकायला नको." मी हसलो.

तिनं रॉकेलचा बोळा घेतला आणि गावाचं नाव घासून पुसून टाकलं. "आता एकटी येतीया कशी, बघते."

तेव्हा मला तो तिचा वेडेपणा वाटला. मी परत आलो. हात चालला का, हे तिनं कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

"मामा, गावाचं नाव मोठं काढा," भाचा म्हणाला. तोही हसत होता.

का, म्हणून मी विचारलं नाही. आक्का आतून आली आणि रॉकेलचा बोळा माझ्या हाताशी ठेवून गेली.