वखारीच्या फाटकाची माती

अन्याय झाला तो पुण्याच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका इंजिनिअरवर. २००२ सालचा मार्च, शनिवार, दुपारची वेळ. जागा सिएटलपासून तासाभरावर, आमच्या ठाण्याच्या हद्दीत. नाव सांगत नाही, काका म्हणतो. गुडघा गेल्यामुळे ऐन तिशीत मला पोलिसाची वर्दी उतरवावी लागली. आज मी ठाण्यात नेलेल्या माणसांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरतो. त्या दोन्ही गोष्टींच्या मध्ये ही केस उभी आहे.

आमच्याकडे लाकडी ओंडक्यांचा एक जुना किल्ला आहे. खरं म्हणजे ब्रिटिश कंपनीची कातड्यांची वखार, पर्यटकांसाठी पुन्हा उभारलेली. तिथल्या गाइड बाईनं फोन केला. एक दाढीवाला सावळा म्हातारा विचारतोय, दारूकोठार कुठे होतं, तट कुठे कच्चा होता, मागून निसटायला वाट होती का. मग त्यानं बूट काढले, फाटकाशी वाकून माती खरवडली आणि रुमालात बांधली.

विमानं इमारतींवर आदळल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दोन गाड्या गेल्या. काकांना हातकड्या घालून पावसात नुसत्या मोज्यांवर आणलं. बूट तिकडेच राहिले. वकील हवा का, हे नियमानं विचारलं. काका म्हणाले, "मी काही केलंच नाही, तर वकील कशाला?" आपली माणसं हमखास इथेच चुकतात.

चौकशी वरिष्ठ डिटेक्टिव्ह करत होता. दारूकोठाराची माहिती कशाला हवी होती, असं त्यानं विचारलं. काकांनी इंग्रजीत सरळ सांगून टाकलं, "नवव्या प्रकरणात मी ते उडवणार आहे."

डिटेक्टिव्ह बाहेर आला आणि मला म्हणाला, "तुला याची भाषा येते ना? आत जा."

मी बाराव्या वर्षी नाशिकहून इकडे आलो, ते काकांना मराठीत सांगितलं. काकांचा चेहरा उजळला. "अरे, मग इतका वेळ होतास कुठे? यांना म्हणावं, चहा राहू दे, निदान माझे बूट तरी द्या."

"काका, सोमवारी केंद्र सरकारची तपास करणारी माणसं येणार आहेत. त्यांनी नेलं तर तुम्हाला कुठे ठेवलंय ते आम्हालाही कळणार नाही."

काका हळूच म्हणाले, "मुलीचा व्हिसा?"

"तोही जाऊ शकतो. प्रकरण काय आहे ते सांगा."

ते कादंबरी लिहीत होते. याच वखारीवरची, दीडशे वर्षांपूर्वीची. तिथल्या आदिवासी जमातीच्या एका नावाड्यावर कोठारातली बंदुकीची दारू चोरल्याचा आळ येतो. तो निर्दोष असतो, तरी फासावर जातो.

"का?" मी विचारलं.

"नशीब त्याचं."

"नशीब कसलं? वखारीत एवढी माणसं होती, एकानंही तोंड उघडलं नाही म्हणून गेला तो."

"मग तूच लिही," काका म्हणाले.

"बरं, माती कशाला घेतलीत?"

त्यांनी मला वेड्यात काढल्यासारखं पाहिलं. "तू किल्ल्यावर गेल्यावर काय करतोस रे?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे बाबा गडाच्या दरवाज्यात चपला काढायचे, माती कपाळाला लावायचे आणि चिमूटभर घरी आणायचे. वर चढलं की चोरदरवाजा, दारूकोठार, पाण्याची टाकी. आपल्याकडे प्रत्येक जण हेच विचारतो.

"टाकी विचारलीत?"

"सगळ्यात आधी. त्या गाइडला माहीतच नव्हती."

मी गाइडला फोन लावला. हो, पाण्याचं म्हाताऱ्यानं सगळ्यात आधी विचारलं होतं. हो, माती कपाळाला लावली होती. हे आधी का नाही सांगितलं? कोणी विचारलंच नाही, ती म्हणाली. खरंच होतं. आम्ही फक्त भीती वाटेल तेवढंच लिहून घेतलं होतं.

डिटेक्टिव्हला घेऊन मी मुलीच्या अपार्टमेंटवर गेलो. तिच्या संमतीनं झडती घेतली. देव्हाऱ्याशेजारी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डब्या ओळीनं मांडलेल्या. त्यानं एकेक उघडली. लाल माती, काळी माती, मुरूम. "ही राजगडची, ही तोरण्याची," मुलगी सांगत गेली. शेवटी तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "माझा आजोबा युद्धातून परतताना किनाऱ्यावरची वाळू घेऊन आला होता."

संध्याकाळी काका सुटले. मुलगी ठाण्याच्या दारातच रागावली. "बाबा, आता अमेरिकेत किल्ले बंद."

"किल्ला नव्हता गं, वखार होती."

आम्ही तिघंही हसलो. जाताना काका माझा हात धरून म्हणाले, "नशीब माझं, तू ड्युटीवर होतास."

तेच मला खुपलं, अजून खुपतं. माझी सुट्टी असती तर? कोणाची पाळी कधी आहे यावर सुटका ठरत असेल, तर त्याला न्याय कोण म्हणेल? दुपारभर त्या मुलीनं ओळखीच्या मराठी घरांत फोन केले होते. एक जण म्हणाला, "यार, आमचं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे." ठाण्यात एकही जण आला नाही. नंतर सगळ्यांनी डबे पाठवले.

डबे नकोत. आपल्यातल्या कोणाला ठाण्यात नेलंय असं कळलं, की हातातलं काम टाकून उठा. तिथल्या बाकावर जाऊन बसा. त्याला वकील मिळाला का, त्याच्या भाषेत कोणी बोललं का, हे काउंटरवर विचारा. उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.