मोहाखालची मंदाबाई

बायका गर्भाशयाच्या कर्करोगाचे उपचार अर्ध्यावर का सोडतात, यावर गोंदियाच्या डॉ. दुर्गेश्वरी कटरे यांचं संशोधन होतं. बायका घाबरतात, असं त्यांनी लिहिलं होतं.

यंदा सालेकशाकडच्या मंदाबाईही किरणोपचार सोडून गावी गेल्या, तेव्हा डॉक्टर मागोमाग जंगलात पोचल्या. मंदाबाई मोहफुलं वेचत होत्या.

“भेव वाटते का, मावशी?”

“भेव कायचा, बाई? मोहा पडून राहिला, सालभराचा पैसा हाच. आमच्या झाडाले दुसरं कोणी हात लावत नाही. तू येचशील का?”

डॉक्टर खाली बसून वेचू लागल्या. ते पाहून पलीकडच्या झाडाखाली वेचणारी शेजारीण पुढे आली. “तू जाय, मंदे. तुझी फुलं मी येचतो.”

मंदाबाई गाडीत बसल्या. घरी कोणतं काम अडलंय, हे डॉक्टरांनी आधीच्या बायकांना कधी विचारलंच नव्हतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणी आता नव्हत्या.