करंटचाचांचा अंगठा

करंटचाचा गाडीला हात लावण्याआधी गाडीवाल्याला गप्प करायचे. म्हसळ्याच्या स्टँडमागे त्यांचं दुकान होतं, एक शटर आणि पुढे पत्र्याची शेड. तिथे मोटरसायकल ढकलत आणलेला माणूस घामाघूम होऊन सांगायला लागायचा, प्लग गेला असेल, पेट्रोलमध्ये पाणी असेल, अमक्याने असं सांगितलं. चाचा हात वर करायचे. "ता ऱ्हाऊ दे. सगळा गेलाय की अर्धा गेलाय?" दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं बंद असेल तर दुखणं बॅटरीपाशी. अर्धं चालू असेल तर पुढे कुठेतरी. एवढं उत्तर मिळाल्याशिवाय ते पाना उचलत नसत.

आखातात वीस-बावीस वर्षं त्यांनी गॅरेजमध्ये वायरिंगचं काम केलं होतं. परत आल्यावर इथल्या खाऱ्या वाऱ्याशी त्यांचं जणू वैर जडलं. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी भुकटी ते जुन्या दातब्रशने घासून काढायचे आणि म्हणायचे, "दर्या इथपर्यंत येतो, मास्तर. लोकांना वाटतो, तो किनाऱ्यावर हाय." मी म्हसळ्यापासून काही मैलांवरच्या गावात राहणारा, दुसऱ्या एका गावातल्या शाळेत शिक्षक. रोज अकरा किलोमीटर जायचं, तेवढंच यायचं, तेही बहुतेक घाटातून. त्यामुळे माझी गाडी महिन्यातून एकदा तरी त्यांच्या शेडमध्ये उभी असायची.

काम झालं की ते तार दोन बोटांत धरून एक झटका द्यायचे. तार हलली नाही की मगच सीट बंद. हे करताना त्यांचं तोंड असं व्हायचं की आपण बोलू नये.

त्या शनिवारी सकाळची शाळा होती. नवी बॅटरी बसवायची होती आणि मला उशीर झाला होता. मी दोनदा घड्याळ बघितलं, एकदा म्हटलंही, "चाचा, आटपा, पोरं येऊन बसली असतील." त्यांनी मान हलवली, हात पुसले, सीट दाबली. झटका दिला की नाही, मी पाहिलं नाही. मी तेव्हा हेल्मेट घालत होतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, माझी बायको सुनीता परसात नारळाची सोडणं गोळा करत होती. तिची हाक ऐकून मी धावलो. घोट्याच्या वर दोन ठिपके होते आणि सोडणांखाली घोणस सरकत होती. अँब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या पेशंटला घेऊन अलिबागच्या वाटेवर होती. गावातली एकुलती रिक्षा श्रीवर्धनला गेलेली. मी गाडी काढली. सुनीताला मध्ये बसवलं, मागे शेजारचा गणपत तिला धरून बसला. पाय हलू द्यायचा नाही, एवढंच मी त्याला बजावत होतो.

अर्ध्या वाटेवर एका खड्ड्यात गाडीचा प्राण गेल्यासारखा झाला आणि लगेच परत आला. पुढच्या वळणावर पुन्हा तसंच. चढाच्या तोंडाशी ती थांबली ती थांबलीच. बटण दाबलं, काही नाही. किक मारली, काही नाही. मीटर काळा पडला होता. सुनीताला आम्ही रस्त्याकडेला झाडाला टेकून बसवलं. तिचा पाय पोटरीपर्यंत सुजला होता आणि ती विचारत होती, "का थांबलात?"

चाचांना फोन लावला. दुसऱ्या खेपेला लागला.

"चाचा, सुनीताला घोणस चावली आणि गाडी चढावर बंद पडलीय!"

"सगळा गेलाय की अर्धा?"

"सगळं! हॉर्नपण नाही."

"एकदम गेला की येत-जात होता?"

"दोनदा गेलं नि आलं. खड्ड्यात."

"मग फ्यूज न्हाय. फ्यूज जळला की परत येत न्हाय. तार हलतेय. सीट उघडा. काळी वायर धरा."

मी धरली. ती सरळ माझ्या हातात आली. "चाचा, सुटलीय. बोल्टच नाही."

पलीकडे काहीच आवाज नाही. मला वाटलं रेंज गेली. "चाचा? चाचा!"

"हाय मी." आवाज बदललेला. "बोल्ट खालच्या ट्रेमध्ये असल. हात घालून चाचपा. लाल वायरीला धक्का लावू नका."

बोल्ट सापडला, धुळीत. मी तो लावायला गेलो तर तो तिरका जायचा. मागून गणपत ओरडला, "मास्तर, वहिनी उलटी करतायत!" मी बोल्ट काढून पुन्हा लावला, पुन्हा तिरकाच.

"जोर करू नका," चाचा सांगत होते. "आधी उलटा फिरवा. उलटा. टक करून बसला का? आता सुलटा. बोटानं जाईल तेवढा जाऊ दे. मग त्याच्या फटीत चावीचा टोक घाला नि आवळा."

टक झालं. आवळलं. तार ओढून बघितली, हलली नाही. चावी लावली आणि मीटर उजळला. मी फोन खिशात टाकला तेव्हा ते अजून बोलतच होते.

म्हसळ्याच्या दवाखान्याच्या फाटकात चाचा स्ट्रेचर घेऊन उभे होते, सोबत दोन वॉर्डबॉय. दुकान उघडं टाकून ते धावत आले होते. डॉक्टर इंजेक्शन भरून तयार होते. तिथून सुनीताला अलिबागला हलवलं. किडनीवर परिणाम झाला होता, चार दिवस काही खरं नव्हतं. पाचव्या दिवशी तिला लघवी सुटली आणि मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून रडलो.

सातव्या दिवशी चाचा एसटीने अलिबागला आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून त्यांनी सुनीतालाच सांगितलं, "बाय, तो बोल्ट माझ्या हातून ढिला ऱ्हायला."

मी मध्ये पडलो. "चाचा, घाई मी केली होती."

"घाई गिऱ्हाइकाला असते. मला नसावी." त्यांनी उजवा अंगठा पुढे केला. "दोन-तीन म्हयने झाले, याला काय कळत न्हाय. झटका देतो, पण तार हलली का न्हाय, ता समजत न्हाय. मी कोणाला बोललो न्हाय. दुकान बंद करावा लागला असता."

सुनीताने भिंतीकडे तोंड फिरवलं. चाचा परतीच्या एसटीला गेले.

मला वाटलं, ते आता तोंड लपवतील. पण आम्ही घरी परतल्यावर पहिल्याच रविवारी ते माझ्या दारात हजर. अंगठा बधिर झाल्यापासून ज्यांच्या बॅटऱ्या बसवल्या होत्या ती सगळी नावं त्यांना पाठ होती. "तुमी चला. पाना तुमी फिरवा, मी बघतो." चार रविवार मी त्यांना मागे बसवून वाड्यावस्त्यांवर हिंडलो. प्रत्येक दारात ते आधी स्वतःची चूक सांगायचे, मग सीट उघडायला लावायचे. बहुतेक लोक "असू द्या हो चाचा" म्हणून चहा ठेवायचे. एकाने मात्र बायकापोरांसमोर त्यांना वाटेल ते सुनावलं. ते खाली मान घालून ऐकत राहिले. त्याच माणसाच्या गाडीचा बोल्ट दोन वेढे सैल निघाला. तेव्हा चाचा त्याच्या पायरीवर बसले आणि तो बोल्ट त्यांनी माझ्याकडून दोनदा आवळून घेतला.

चौथ्या रविवारी शेवटची गाडी झाली आणि ते आमच्या ओटीवर टेकले. सुनीता घरी येऊन महिना होत आला होता. लंगडत ती चहा घेऊन आली आणि कप पुढे केला. चाचांनी कपाचा कान धरला, पण अंगठ्याला त्याचा अंदाज येईना. चहा बोटांवर सांडला, चांगला कढत चहा. त्यांनी हात मागे घेतला नाही. त्यांना कळलंच नव्हतं.

सुनीता ते बघत राहिली. मग तिने कप काढून घेतला, पदराने त्यांची बोटं पुसली. "भाजलं ना चाचा? दुखत नाही?"

"न्हाय बाय. दुखला असता तर बरा झाला असता."

ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसली. "माझा पाय अजून दुखतो," ती म्हणाली.

"म्हायत हाय मला."

मी अंगणात गाडी पुसत राहिलो.

महिनाअखेर त्यांनी दुकान बंद केलं. तळा गावात दिलेली त्यांची मुलगी त्यांना न्यायला आली. डॉक्टर म्हणाले होते, मानेतली नस दबलीय, अंगठ्याची जाण परत येईल असं सांगता येत नाही. ज्या सकाळी ते निघणार होते, त्या सकाळी सुनीता साडी बदलून, हातात तांदळाच्या भाकऱ्यांचा डबा घेऊन ओटीवर आली. साप चावला त्या दुपारनंतर ती मोटरसायकलजवळ फिरकलीही नव्हती. कुठेही जायचं तर रिक्षा नाहीतर एसटी.

"चाचांना स्टँडवर गाठायला हवं," ती म्हणाली.

"रिक्षा बोलावतो."

"नको," ती पायऱ्या उतरत म्हणाली, "गाडी काढा."