कुसुमबाईंचा समोरून काढलेला फोटो

धानकापणीच्या दिवसांत एका सकाळी कुसुमबाईंच्या लेकीचा, वनिताचा फोन आला. "काकू, आई गेली..." एवढंच बोलली. लकव्याचा दुसरा झटका; मूल गावच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. आता दीड महिना होत आला. मला रडू आलं ते बऱ्याच दिवसांनी, आणि त्यात नुसतं दुःख नव्हतं.

कुसुमबाई आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतल्या नटी. मी लग्न होऊन वडशाला आले तेव्हा नाटकांच्या पोस्टरचे फोटो आमच्या स्टुडिओत निघत. नवरा लग्नांच्या ऑर्डरीवर गेला की कॅमेरा माझ्या हाती. फॉर्मसाठी फोटो काढायला जंगलाकडच्या गावांतून बाया येत, अंग चोरून बसत, हनुवटी छातीला टेकलेली. मी "हसा, हसा" म्हटलं की आणखीनच आकसत. एकदा अंगणवाडीच्या नोकरीसाठी आलेली एक बाई अशीच बसली होती. कुसुमबाई राणीच्या पोशाखात बाकावर आपल्या पाळीची वाट पाहत होत्या. त्या उठल्या, तिच्याजवळ गेल्या. "हाताची मूठ सोड बाई. खांदे खाली घे. पाय जमिनीले टेकव, श्वास सोड... आता त्या कॅमेऱ्याकडं असं पाह्य, जसा तो तुह्या आंगणात आला हाये. तू नाई गेली त्याच्याकडं." ती बाई वर पाहू लागली. इतकी वेगळी दिसली की बटण दाबायचं मी क्षणभर विसरले. धंदा मी नवऱ्याकडून शिकले, पण माणसाला कॅमेऱ्यासमोर कसं बसवायचं ते कुसुमबाईंकडून.

तीन वर्षांपूर्वी त्यांना पहिला झटका आला. बोलणं परत आलं, पण डावा गाल आणि ओठ खाली ओढलेलेच राहिले. नाटक सुटलं. मी दोनदा मूलला त्यांच्या घरी गेले, तर पदर गालावर ओढून खिडकीकडे तोंड करून बसल्या. मग गेल्या होळीनंतर त्या आपणहून स्टुडिओत आल्या. साधं लुगडं, पदर खांद्यावर. "आजवर राणीचे, सासूचे काढले. आता माह्या एक काढ," म्हणाल्या.

मला इतका आनंद झाला! आणि सवयीनं म्हणा, दयेनं म्हणा, मी स्टूल फिरवलं, दिवा सरकवला, वाकडा गाल अंधारात जाईल असं केलं. "मान जराशी डावीकडे, बाई..." एक फोटो निघाला. दुसऱ्या वेळी त्यांनी एकदम तोंड माझ्याकडे वळवलं.

"तू बी लपवून राह्यली वं?"

बोट बटणावर होतं, ते दाबलं गेलं. "बाई, पुन्हा काढू," मी म्हटलं. "राहू दे. माही बस चुकते," म्हणून त्या निघून गेल्या. माफी मागायला मूलला जायचं मी रोज ठरवत होते. लग्नसराई आली, मग धानाची रोवणी आली... गेले नाही.

तेरवीआधी वनिता फोटो मागायला आली. माझ्याकडे ढीगभर होते, सगळे तोंडाला रंग लावलेले. "नाटकातला नाई पाह्यजे, काकू. आईचा पाह्यजे." मग मी ते दोन उघडले आणि त्या दिवशी काय झालं ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. वनिता वाकून दोन्ही पाहू लागली. पहिल्या फोटोत गाल सावलीत, चेहरा सुरेख आणि परका. दुसऱ्यात तोंड वाकडं, ओठ बोलताना उघडलेले, मान ताठ, डोळे सरळ माझ्यावर.

"हा द्या," तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं. "आई भांडतानी अशीच दिसे."

तेरवीला मूलला गेले. समोरच्या खोलीत, टीव्हीच्या वर, हार घातलेला तो फोटो होता. जेवून उठलेल्या बाया त्याच्यासमोर येऊन हात जोडत होत्या. माझी पाळी आली तेव्हा नजर खाली वळवावीशी वाटली. नाही वळवली. आतून वनितानं दोनदा जेवायला हाक मारली, तरी मी तिथेच उभी होते.