ज्येष्ठमधाची काडी आणि आमचा कोरस

गाणाऱ्या मंडळींत चार वर्षं काढली की गाणं येतंच असं नाही, किस्से मात्र ढिगाने जमतात. वारज्यातल्या आमच्या समूहगानाच्या क्लासचे निम्मे किस्से तर ज्येष्ठमधाचेच आहेत! आमच्या बाई दारातच प्रत्येकाच्या हातावर त्याची एक काडी ठेवतात. "गालात धरा आणि गप्प बसा. गळा आपोआप सुधारेल."

*

एकदा काड्या आणायचं काम माझ्याकडे आलं. बुधवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात गेलो आणि सहज विचारलं, "ताजं आहे ना?"

"मुळी आहे ती. ताजी हवी तर मार्केट यार्डात मेथी मिळेल."

"तसं नाही हो, गाण्याच्या क्लाससाठी हवंय."

मालकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "गाणाऱ्यांसाठी देतो. ऐकणाऱ्यांसाठी कापूस शेजारी मिळेल."

*

क्लासमधल्या सुलभाताईंचा मुलगा परदेशातून आला, तो मखमली डबीत जिनसेंग घेऊन. ताई ती डबी क्लासला घेऊन आल्या. "चिनी लोकांचं फार मोठं औषध आहे, बाई. आवाजाला ताकद येते म्हणे!"

डबी उघडली. आत दोन हात, दोन पाय आणि डोक्यावर जावळ असलेली एक गोरीपान मुळी झोपली होती!

बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. "हे चघळायचं, की ह्याचं बारसं करायचं?"

*

आमचा निखिल आयटीतला. सकाळी तोंडात काडी ठेवूनच परदेशी क्लायंटच्या व्हिडिओ कॉलवर बसला. मॅनेजरचा लगेच मेसेज, "सिगार काढ!"

सिगार नाही हे सिद्ध करायला निखिलने काडी कॅमेऱ्यासमोर धरली आणि कचकचून चावली. क्लायंट हबकला. कॉल संपल्यावर त्याने मॅनेजरला हळूच विचारलं, "ह्या मुलावर कामाचा फार ताण आहे का?"

निखिलला दोन दिवस सुट्टी मिळाली.

*

आणि आता काळेकाका. बँकेतून रिटायर झालेले, स्वभाव इतका सरळ की खोटं म्हणून बोलता येत नाही. यंदाच्या स्पर्धेत त्यांना आयुष्यातली पहिली सोलो ओळ मिळाली आणि आठवड्यातच घसा बसला! बाई म्हणाल्या, "स्पर्धेपर्यंत मौन. आवाज नाही फुटला तर ओळ निखिल म्हणेल." काका बिचारे घरीदारी खुणांवर आले. काकू म्हणायच्या, "घरात शांतता आहे, पण करमत नाही हो."

स्पर्धेच्या दिवशी आम्ही विंगेतून स्टेजवर येऊन उभे राहिलो. काड्या काढायच्या होत्या, तेवढ्यात पडदा वेळेआधीच उघडला! थुंकणार कुठे? पहिली ओळ सगळ्यांची. बाईंनी हात उचलला आणि आमच्या बंद तोंडांतून निघालं, "म्म्म्म…"

काकांनी तेवढी आपली काडी आधीच काकूंच्या पर्समध्ये टाकली होती. ते गडबडले, बाईंकडे पाहिलं, आणि एकट्यानेच अख्खं कडवं उचललं. काय आवाज लागला म्हणून सांगू! माझ्या अंगावर काटा आला. पहिल्या रांगेत काकू डोळ्यांना पदर लावून बसल्या होत्या.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षक माइकवर म्हणाले, "सुरुवातीचं ते गुंजन म्हणजे अभिनव प्रयोग! कल्पना कुणाची?"

"काळ्यांची," बाई पापणीही न हलवता म्हणाल्या.

परीक्षकांनी माइक काकांसमोर धरला. काकांनी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं मात्र, पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या,

"त्यांना काही विचारू नका हो, त्यांचं मौन आहे!"